सांगाडा अमेरिकेचा, साज लंडनचा

इंदुरातील जुन्या मराठी घरांत श्रीमंत यशवंतराव होळकरांचा विषय निघाला की बैठकीत दोन पक्ष पडतात, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. एका पक्षाच्या मते महाराजांसारखा रसिक राजा हिंदुस्थानात दुसरा झाला नाही. दुसऱ्या पक्षाच्या मते रसिकता खरी, पण महाराज राज्यात कमी आणि विलायतेत जास्त राहिले. गंमत अशी की दोन्ही पक्ष पुरावा म्हणून एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात, आणि ती म्हणजे महाराजांच्या मोटारी. म्हणून होळकरशाहीच्या या अखेरच्या सत्ताधाऱ्याचे चरित्र या वेळी मोटारीच्या बाजूने सांगून पाहावे, असे मनात आले.

त्याला निमित्तही आहे. अलीकडे महागाची मोटार घ्यायची आणि लगेच तिच्यात फेरफार करून घ्यायचे, ही हौस आपल्या शहरात चांगलीच रुजली आहे. पोलादी स्प्रिंगा काढून त्यांच्या जागी हवेच्या रबरी पिशव्या बसवतात. डिकीत एक लहानसा कॉम्प्रेसर आणि हवेची टाकी असते. बटण दाबले की गाडी चार बोटे खाली बसते, पुन्हा दाबले की उठते. मूळची चाके काढून मोठ्या घेराची, आरसपानी चाके चढवतात. घेर वाढला की टायरची जाडी घटते, आणि टायरातली हवा हीच धक्क्याला पहिली गादी असल्यामुळे खड्ड्याचा हिसका थेट आसनापर्यंत पोचतो. हवेच्या पिशवीने जे सुख मिळवले, त्यातले निम्मे चाकाने घालवले, असा हा व्यवहार. घरातली वडीलधारी माणसे हे पाहून नाक मुरडतात. पण तयार वस्तू जशी आली तशी न वापरता ती आपल्या अंगच्या मापाने करून घ्यायची, हा नाद या शहराला नवा नाही. त्या नादाचा सर्वांत मोठा धनी आपल्याच राजवाड्यात जन्मला होता.

यशवंतरावांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ चा. वडील तुकोजीराव (तिसरे), आई चंद्रावतीबाई. शिक्षण इंग्लंडात झाले. आधी चीम, मग चार्टरहाउस आणि पुढे ऑक्सफर्डचे क्राइस्ट चर्च. विद्यार्थीदशा संपण्यापूर्वीच घरावर वीज कोसळली. जानेवारी १९२५ मध्ये मुंबईच्या मलबार हिलवर बावला खून प्रकरण घडले आणि त्याचे धागे इंदूर दरबारापर्यंत गेले. चौकशी आयोगाला तोंड देण्याऐवजी तुकोजीरावांनी फेब्रुवारी १९२६ मध्ये गादी सोडली. सतराव्या वर्षी हा मुलगा महाराज झाला तो असा. उत्सवाने नव्हे, नाचक्कीच्या सावलीत. कारभार मंत्रिमंडळाकडे राहिला, सर सिरेमल बापना मुख्य प्रधान झाले, आणि महाराजांच्या हाती पूर्ण अधिकार आले ते मे १९३० मध्ये.

मला वाटते, पुढचे यशवंतराव समजून घ्यायचे तर ही सावली विसरता कामा नये. वडिलांच्या पिढीचे जे जे होते, म्हणजे जुना राजवाडा, झुंबरे, मखमल, सोन्याच्या वर्खाची आसने, त्यापासून या तरुणाने आपले घर आणि आपली राहणी जाणूनबुजून दूर नेली. ऑक्सफर्डला डॉ. मार्सेल हार्डी नावाचे बेल्जियन शिक्षक त्यांना लाभले. त्यांनी महाराजांना पॅरिसच्या नव्या कलावंतांची ओळख करून दिली. तिथेच एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुशिल्पज्ञाशी गाठ पडली. मुथेसियस महाराजांहून चारच वर्षांनी मोठे. दोघांची मैत्री जमली आणि तिच्यातून १९३० ते १९३३ या काळात इंदूरची माणिकबाग उभी राहिली.

माणिकबाग म्हणजे घराच्या रूपातली एक फर्मायशी मोटारच होती, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. दारे-खिडक्यांचे पोलादी साचे, काच, दिवे असे बरेचसे सामान जर्मनीहून बोटीने आले. वातानुकूलनाची सोय त्या काळात झाली. गालिचे दा सिल्वा ब्रून्सचे, चांदीची भांडी पुइफोर्काची, लिहिण्याचे मेज रुलमानचे. वाचनालयात लाल कातडी आवरणाच्या दोन खुर्च्या होत्या, त्यांच्या पाठीतच वाचनाचे दिवे बसवलेले. ल कोर्बुझिए आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केलेली पोलादी नळ्यांची प्रसिद्ध आरामखुर्ची पुष्कळांनी घेतली. महाराजांनी ती घेतली आणि तिच्यावर बिबट्याचे कातडे चढवून घेतले. कारखान्यातून निघालेली वस्तू आपली कशी करायची, याचे याहून नेमके उदाहरण मला ठाऊक नाही. मुथेसियसांकडून त्यांनी आगगाडीचा डबा, विमानाचा अंतर्भाग, शिकारीच्या मुक्कामाची फिरती गाडी यांचेही आराखडे करवून घेतले. जे चालते, पळते वा उडते, ते सगळे मापाचे हवे.

आता मोटारीकडे वळू. त्या काळी उंची मोटार घेण्याची रीत आजच्यासारखी नव्हती. कारखाना गिऱ्हाइकाला विकत असे तो नुसता सांगाडा, म्हणजे इंजिन, चौकट, आस, पाटे, चाके आणि सुकाणू. त्यावरची बॉडी बांधण्याचा धंदा वेगळा, आणि तो करणारे कारागीर पूर्वी घोड्यांच्या बग्ग्या बांधणाऱ्यांच्या परंपरेतले. कापड एका पेढीवरून घ्यावे आणि अंगरखा आपल्या शिंप्याकडून शिवून घ्यावा, तसा हा प्रकार. लंडनच्या चेल्सी भागातील गर्नी नटिंग यांची पेढी हा यशवंतरावांचा शिंपी. पेढी स्थापन झाली १९१८ मध्ये. राजपुत्रांपासून शर्यतबाजांपर्यंत तिची गिऱ्हाइके होती, आणि ए. एफ. मॅकनील हा तिचा आरेखक रेषेच्या बाबतीत फार हुशार मानला जाई. या पेढीने महाराजांसाठी हिस्पानो-सुइझाच्या बारा सिलिंडरांच्या सांगाड्यावरही उघड्या टपाची गाडी बांधली. पण महाराजांचे नाव ज्या मोटारीशी कायमचे जोडले गेले, ती १९३५-३६ ची ड्युसेनबर्ग.

ड्युसेनबर्ग ही अमेरिकेतील इंडियाना प्रांताची. तिचा जे नमुना डिसेंबर १९२८ मध्ये न्यूयॉर्कला प्रथम मांडला गेला. एका ओळीत आठ सिलिंडर, बत्तीस झडपा, सुमारे ६.९ लिटरचे इंजिन. नुसत्या सांगाड्याची किंमत सुरुवातीला साडेआठ हजार डॉलर, पुढे साडेनऊ हजार. त्याच सुमारास फोर्डची साधी मोटार पाचशे डॉलरांच्या आसपास मिळत होती. १९३२ मध्ये याच इंजिनाला हवा कोंबणारा पंखा, म्हणजे सुपरचार्जर, जोडून एसजे नमुना निघाला आणि कारखान्याने ३२० अश्वशक्तीचा दावा केला. मंदीत सापडलेल्या अमेरिकेत अशा गाड्या घेणारे विरळा. एसजे पस्तीस-छत्तीसच्या घरात झाल्या असतील. १९३७ मध्ये कारखानाच बंद पडला. म्हणजे महाराजांची गाडी शेवटच्या काही गाड्यांपैकी एक.

या सांगाड्याचे दोन आकार मिळत, आणि यशवंतरावांनी मोठा घेतला. पुढच्या आसापासून मागच्या आसापर्यंत १५३.५ इंच. आपल्या पिढीच्या डोळ्यांत बसलेली अँबॅसडर घ्या; तिचे हेच अंतर ९७ इंच. एवढ्या लांबीवर कोणीही सात-आठ माणसांची बंद बैठक बांधली असती. महाराजांनी तीवर बांधून घेतली उघडी, वेगवान, पुढे जेमतेम दोघांना बसता येईल अशी गाडी! लांबलचक बॉनेट, त्याच्या कुशीतून बाहेर आलेल्या चकचकीत धूरनळ्या, मागे निमुळते होत गेलेले शेपूट, रंग केशरी आणि काळा. व्यवहारी माणसाला हा शुद्ध वेडेपणा वाटेल. गाडीची छायाचित्रे पाहिल्यावर माझा व्यवहार थोडा वेळ गप्प बसतो, हे कबूल केले पाहिजे. मोठा सांगाडा घेऊन लहान गाडी करणे, म्हणजे जागा वाया घालवणे हीच खरी चैन, हे ज्याला कळले त्याला सौंदर्यातले काहीतरी कळले होते.

अशा बॉडीचे काम कसे चाले, तेही सांगण्याजोगे आहे. आधी कागदावर लहान रंगीत चित्र, मग भिंतीवर पूर्ण आकाराचा आराखडा. त्यावरून ॲश लाकडाचा पिंजरा, आणि पिंजऱ्यावर हाताने ठोकून वळवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा. रंगाचे हात एकावर एक, प्रत्येक हातानंतर घासणे. काम महिनोन्महिने चाले, आणि एका गाडीचा दरवाजा दुसरीला बसत नसे.

चाके तारांच्या आऱ्यांची. धक्के सोसायला पोलादी पाट्यांच्या जुड्या, आपल्या बैलगाडीच्या धमनीलाही लागतात तशाच जातीच्या, आणि त्यांची उसळी आवरायला तेलाचे दमक. म्हणजे आजच्या हौशी तरुणांची हवेची पिशवी तेव्हा मोटारीला नव्हती. तथापि त्यामागची इच्छा होती. बेंटले आणि रोल्स-रॉइस यांच्या तिशीच्या दशकातील गाड्यांत सुकाणूच्या मध्यावर एक लहान दांडी असे. ती फिरवली की दमकातल्या तेलाचा दाब बदलून गाडी मऊ किंवा कडक होई. सडक सपाट तर मऊ, वेग वाढला तर कडक, आणि हे सर्व गाडी चालवता चालवता. बॉडीचे वजन आणि बसणाऱ्यांची संख्या कळवली की कारखाना पाट्यांची ताकदही त्या बेताने ठेवून देई. खरीखुरी हवेची बैठक विकाऊ मोटारीला नेहमीची म्हणून मिळू लागली ती १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोरॅडो ब्रोहॅमला. तीतून हवा इतकी गळे की पुष्कळ मालकांनी पिशव्या काढून पोलादी स्प्रिंगा बसवल्या. आज चालते त्याच्या उलटा प्रकार! मर्सिडीझने आपल्या ३०० एसईला ती दिली १९६१ मध्ये. त्याच वर्षाच्या अखेरीस महाराज गेले.

पण मध्ये बरेच घडले होते, आणि ते मोटारीइतके गुळगुळीत नव्हते.

१९२४ मध्ये, पोरवयातच, महाराजांचा विवाह कागलकर घाटग्यांच्या घराण्यातील संयोगिताराजे यांच्याशी झाला होता. दोघांची बुते द मोंव्हेल या फ्रेंच चित्रकाराने काढलेली चित्रे आहेत. १९२९ च्या चित्रात महाराज काळ्या विलायती पोशाखात, तर पुढच्या, १९३४ च्या चित्रात मराठा राजवेषात, पागोटे आणि रत्ने घालून. मॅन रे याने या जोडप्याची छायाचित्रे घेतली. त्यांत ती दोघे कॅमेऱ्यापुढे लहान मुलांसारखी हसताना दिसतात. हिंदुस्थानी संस्थानिकांच्या चित्रसंग्रहात असे मोकळे हसू क्वचित आढळते. १९३३ मध्ये पॅरिसला कन्या उषाराजे जन्मल्या. आणि जुलै १९३७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये संयोगिताराजे वारल्या. वय अवघे बावीस-तेवीस.

यानंतरच्या एका गोष्टीने मला नेहमीच अस्वस्थ केले आहे. ब्रांकुसी या रुमानियन शिल्पकाराचे आकाशात झेपावणारे पक्षी महाराजांनी घेतले होते. एक काशाचा, एक काळ्या आणि एक पांढऱ्या संगमरवराचा. त्या तिघांसाठी माणिकबागेच्या परिसरात एक ध्यानमंदिर बांधावे, आत पाण्याचे कुंड असावे, वरून उजेड यावा, अशी कल्पना राणीसाहेबांच्या हयातीतच निघाली होती. १९३७-३८ च्या हिवाळ्यात ब्रांकुसी स्वतः इंदुरास येऊन राहिला. जगातला एवढा मोठा शिल्पकार आपल्या शहरात आला, आणि मंदिर काही झाले नाही. महाराजांचे मन त्यातून उठले होते. तो परत गेला. ज्या माणसाने खुर्चीच्या पाठीतला दिवासुद्धा स्वतःच्या मनाजोगा करून घेतला, त्याने ही एक गोष्ट अर्धी टाकली. कारण शोधायला फार लांब जायला नको.

पुढे अमेरिकेत दीर्घ मुक्काम झाले. १९३८ मध्ये मार्गरेट लॉलर यांच्याशी विवाह, १९४३ मध्ये घटस्फोट, त्याच वर्षी युफेमिया क्रेन यांच्याशी तिसरा विवाह, १९४४ मध्ये पुत्र रिचर्ड. मे १९४२ मध्ये महाराजांनी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना उघड पत्र लिहून हिंदुस्थानच्या प्रश्नात अमेरिका, चीन आणि रशिया यांनी मध्यस्थी करावी असे सुचवले. ब्रिटिश सरकारच्या छायेखाली गादीवर बसलेल्या संस्थानिकाने असे लिहिणे ही साधी गोष्ट नव्हती, आणि सरकारची नाराजी ओढवली. महाराजांच्या चरित्रातील हे पान आपल्याकडे फार कमी वाचले गेले आहे. मोटारींपुढे ते झाकले गेले.

आता बैठकीतल्या दुसऱ्या पक्षाचे म्हणणे. १९३१ च्या शिरगणतीत इंदूर संस्थानची लोकसंख्या तेरा लाखांच्या घरात होती. त्यांतल्या बहुतेकांनी ड्युसेनबर्गचे नावही ऐकले नसणार. तिचे पैसे मात्र शेवटी शेतसाऱ्यातून आणि जकातीतून आलेले. मंदीची वर्षे, माळव्यातला शेतकरी कर्जात, आणि लंडनला बॉडीवर रंगाचे हात चढत आहेत, हे चित्र ज्याला बोचत नाही त्याच्याशी मी वाद घालणार नाही. रसिकतेने खर्चाचा हिशेब पुसला जात नाही. पण हिशेब मांडायचाच तर पुरा मांडावा. याच कारकीर्दीत गंभीर नदी अडवून यशवंतसागर झाला आणि वाढत्या शहराला पाणी मिळाले. १९३४ मध्ये यशवंत क्लब निघाला. कर्नल सी. के. नायडूंना मिळालेला राजाश्रय आणि होळकर संघाने चार वेळा जिंकलेला रणजी करंडक, यांविषयी इंदूरकराला मी काय सांगावे!

२८ मे १९४८ रोजी मध्यभारत अस्तित्वात आला. ग्वाल्हेरचे जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले, यशवंतराव उपराजप्रमुख. शिंदे-होळकरांचे दीडशे वर्षांचे मानापमान ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना या उप शब्दाचे वजन सांगायला नको. महाराजांनी ते पद १९५६ पर्यंत, मध्यप्रदेशच्या स्थापनेपर्यंत, सांभाळले. वारसाचा प्रश्न अवघड होता, कारण पुत्र परदेशी मातेचा. १९५० मध्ये भारत सरकारने उषाराजेंना वारस म्हणून मान्यता दिली. अहिल्याबाईंच्या घराण्यात पुन्हा एका स्त्रीचे नाव गादीशी जोडले गेले, याचा आनंद माझ्या आजीच्या पिढीतल्या बायकांना विशेष झाला होता. ५ डिसेंबर १९६१ रोजी महाराज मुंबईस वारले. वय त्रेपन्न.

मग पांगापांग झाली. ड्युसेनबर्ग गेली अमेरिकेला. सांगाडा जिथून निघाला तिथेच, लंडनचा अंगरखा आणि होळकरांचा रंग अंगावर घेऊन. हौशी संग्राहकांत तिची ओळख आजही महाराजांची गाडी अशीच आहे. संगमरवराचे दोन्ही पक्षी १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियाने घेतले, ते कॅनबेऱ्याच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत. काशाचा पक्षी कॅलिफोर्नियात पॅसाडीनाला आहे. १९७६ मध्ये माणिकबाग भारत सरकारने विकत घेतली आणि तिच्या दालनांत केंद्रीय उत्पादनशुल्क खात्याची कचेरी थाटली गेली. सामानाचा लिलाव मे १९८० मध्ये मोनॅकोला झाला. रुलमानचे मेज, पाठीत दिवे असलेल्या खुर्च्या, बिबट्याच्या कातड्याची आरामखुर्ची, सगळे तिथे क्रमांक लावून विकले गेले. २०१९ मध्ये पॅरिसच्या एका संग्रहालयाने या वस्तू पुन्हा जमवून महाराजांच्या रसिकतेवर मोठे प्रदर्शन भरवले. ते पाहायला इंदुराहून फारसे कोणी गेले असेल असे वाटत नाही.

इंदुरात राहिले ते यशवंतसागरचे पाणी, क्लब, आणि पन्नाशीच्या दशकात उभे राहिलेले महाराजा यशवंतराव रुग्णालय. माळव्याच्या खेड्याखेड्यांतून माणसे तिथे येतात. त्यांच्या तोंडी महाराजांचे नाव पुरते येतही नाही. आजारी माणसाला एमवायला नेले, एवढेच ती सांगतात.